नकाशाखालची टिकली

सदर बाजारातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पाहुणा आला, की चहाच्या आधी नकाशा यायचा. दिवाकर खांडवे छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण हाताची सवय गेली नव्हती. पाहुण्याला चपला काढायची उसंत देऊन ते त्याला दिवाणासमोर उभं करायचे आणि लाकडी फुटपट्टी घेऊन सुरू व्हायचे. कँटोन्मेंटमधल्या एका रिकाम्या होणाऱ्या बंगल्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात लोकांनी पलंग घेतले, पंखे घेतले, आणि आम्ही हे घेतलं. हे, म्हणजे अरबस्तानाचा आणि त्याच्या डाव्या हाताला असलेल्या आफ्रिकेच्या तुकड्याचा जुना नकाशा. चहात बुडवून वाळवल्यासारखा कागद. किनाऱ्याला मुंग्यांसारखी चिकटलेली गावांची नावं, मध्ये तांबडा समुद्र, खालच्या कोपऱ्यात तीन शिडांचं जहाज. आणि अरबस्तानाच्या पोटात, जिथं एकही नाव नव्हतं, तिथं एक उंट.

"हा उंट काहून काढला असेल?" ते पाहुण्याला विचारायचे.

पाहुणा म्हणायचा, "वाळवंट आहे म्हणून."

"चूक! नकाशावाल्याला तिथलं काही माहीत नव्हतं म्हणून. माहीत नसलं की लोक उंट काढतात. प्रामाणिक माणूस जागा रिकामी सोडतो."

पाहुणा हसायचा, मग चहा यायचा. चहा घेऊन येणाऱ्या विनताला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं, की 'उंट' हा शब्द ऐकला की ती कपात चहा ओतायला घ्यायची.

विनता त्यांची सून. बालाघाटची, केमिस्ट्रीत एम.एस्सी., आणि पाच वर्षांच्या अवंतिकाची आई. या तिन्हीतलं शेवटचं तिनं सगळ्यात मन लावून केलं होतं. घरात येणाऱ्या प्रत्येक डब्यावरची तारीख ती वाचायची. नळाचं पाणी उकळायची, गाळायची आणि कधी कधी परत उकळायची. नकाशा दिवाणाच्या वर टांगलेला आणि दिवाणावर अवू खेळते, हे लक्षात आल्यावर तिनं सासऱ्यांना एका खिळ्याचे दोन खिळे करायला लावले होते. सत्त्याण्णवच्या भूकंपात काचेला कोपऱ्यात तडा गेला होता, त्यावरही तिनं पट्टी चिकटवली.

"तुझ्यासारखी सून त्या वेळी असती," मामाजी म्हणाले होते, "तर भूकंपच परत गेला असता."

सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. सासूबाई तिच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात तिघंच, आणि चौथा पाण्यावर. अनुपम मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. सहा-सात महिने बाहेर, तीन-चार महिने घरी. तो बाहेर असला, की मामाजी नातीला बाबा कुठं आहे ते नकाशावर दाखवायचे. आधी ते टाचणी लावणार होते. "आणि तिनं गिळली म्हणजे?" विनतानं विचारलं. मग टिकली आली. विनताच्या पाकिटातली लाल टिकली, रोज संध्याकाळी काचेवर थोडी थोडी सरकायची. बाबाचं जहाज मुंबई सोडून पश्चिमेला निघालं, की अवू दिवाणावर चढून ती स्वतः सरकवायची. जहाज नकाशाबाहेर, चीनकडे वगैरे गेलं, की टिकली कपाटाच्या दारावर.

त्या वर्षी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी जहाजांवर हल्ले सुरू झाले होते. विनता रोज बातम्या बघायची आणि अवू खोलीत आली की बंद करायची. अनुपमचं जहाज तांदूळ भरायला कांडला बंदराला लागलं, तेव्हा तिनं फोनवर पहिलाच प्रश्न तो केला.

"तिकडून तर नाही ना जाणार?"

"अगं, नाही गं. तू पण ना! खालून. आफ्रिकेला पूर्ण वळसा. आजकाल सगळे तसंच करून राहिले. फक्त जास्त दिवस लागतात, बस."

"नक्की?"

"बाबांना विचार. त्यांना रूट पाठवलाय."

तिनं विचारलं. मामाजींनी ॲटलास उघडला आणि बोटानं आफ्रिकेभोवती मोठा गोल काढून दाखवला. ती निर्धास्त झाली.

त्याच आठवड्यात अवूला ताप आला. एकशे दोन. विनता तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली होती तेव्हा मामाजी आत आले. हातात पिना मारलेले तीन-चार कागद होते, वरचे मागे दुमडून शेवटचं पान पुढे केलेलं.

"कंपनीचा फॉर्म आहे. नॉमिनीचा. दरवर्षी लागतो."

"काय लिहिलंय?"

"काय लिहिणार? वारस तूच, आणखी कोण? बाहेरची कोणी असेल तर आताच सांगून टाक, अनुपमला जाब विचारू."

तापातल्या पोरीच्या उशाशी बसून तिला हसू आलं. डब्यावरची तारीख वाचल्याशिवाय बिस्कीट न फोडणाऱ्या त्या बाईनं, अवूची चित्रकलेची वही मांडीवर ठेवून, तिच्यावर तो कागद धरून, मामाजींच्या बोटाखाली सही केली. एक हात पोरीच्या कपाळावरच होता. मामाजींनी कागद घेतला, अवूच्या पायाला हात लावून ताप बघितला आणि खालच्या दुकानातून स्कॅन करून पाठवून आले.

ताप तीन दिवसांनी उतरला. अवू उठून बसली, तेव्हा मामाजींनी तिच्यासाठी नवा खेळ काढला. इंग्रजी शाळेत जाणारी पोर घरी मराठी ऐकायची आणि उत्तरं हिंदीत द्यायची, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि काचेवर जागच्या जागी चिकटवल्या. अरबस्तान. आफ्रिकेच्या बाजूला हबसाण. एडन. तांबडा समुद्र. समुद्राच्या खालच्या चिंचोळ्या तोंडाशी: बाब अल मंदब.

अवू दिवाणावर उभी राहून बोट ठेवून वाचत होती. "बा... ब... बाबा!"

"बाब, बेटा. दुसऱ्या 'ब'ला काना कुठे आहे? काना नाही, तर बाबा नाही."

"बाब मतलब?"

"बाब म्हणजे दार. अरबीत."

"किसका दार?"

विनता स्वयंपाकघरात कणीक मळत होती. तिला उत्तर लगेच ऐकू आलं नाही, म्हणून तिनं मान वळवून पाहिलं. मामाजींनी चष्मा काढला होता आणि धोतरानं पुसायला घेतला होता. शब्दाचा अर्थ माहीत नसला, की ते तडक कपाटाकडे जायचे, कोश काढायचे, मग बोलायचे. त्या दिवशी ते कपाटाकडे गेले नाहीत.

"मंद म्हणजे हळू," ते म्हणाले. "हळू जायचं दार."

"बाबाका हळू जायचं दार," अवू म्हणाली, आणि टाळी वाजवली.

विनता परत कणकेकडे वळली. पुढे कित्येक दिवस ती स्वतःला तो क्षण परत परत दाखवणार होती, शिक्षक चुकलेल्या उत्तराखाली लाल रेघ मारतात तसा. छत्तीस वर्षांत ज्या माणसानं अंदाजानं एकही अर्थ सांगितला नाही, त्यानं सांगितला, आणि ती कणीक मळत राहिली.

जहाज कांडल्याहून निघालं. टिकली रोज संध्याकाळी चहानंतर खाली सरकायला लागली. मामाजी ॲटलास उघडायचे, वेग आणि तासांचा गुणाकार करायचे, फुटपट्टी लावायचे आणि अवूला जागा दाखवायचे. सहाव्या दिवशी टिकली चौकटीशी आली, कारण नकाशा मोंबासाच्या जरा खाली संपत होता. सातव्या दिवशी मामाजींनी ती चौकटीखाली, भिंतीच्या चुन्यावर लावायला सांगितली.

"गेलं बाबाचं जहाज नकाशाबाहेर!" ते म्हणाले. "आता विनता, तू आरामात झोप."

आणि ती खरंच झोपली. किती महिन्यांनी. नकाशाबाहेर म्हणजे धोक्याबाहेर, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. जाता-येता ती भिंतीवरच्या टिकलीकडे बघायची, आणि सणाच्या दिवशी दारावरचं तोरण बघून वाटतं तसं बरं वाटायचं तिला.

पण एका सकाळी उठून पाहिलं, तर टिकली भिंतीवर नव्हती. काचेवर होती. समुद्राच्या तोंडाशी, त्या चिठ्ठीच्या बरोबर खाली.

"अवू, ही कोणी हलवली?"

"मैंने. बाबा वहाँ है."

"बाबा खाली आहे. आफ्रिकेच्या खाली. आजोबांनी दाखवलं ना?"

"नहीं. बाब पे है."

"बाबा, बाबा! बाबा कुठं आहे ते मला माहीत आहे." विनतानं टिकली काढून भिंतीवर लावली. दुपारी शाळेतून आल्यावर ती परत वर. संध्याकाळी मामाजींनी ती गुपचूप खाली आणली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत वर. डिंक संपत आलेली टिकली, कडांना मळलेली, आणि तरी तिथंच.

तिसऱ्या दिवशी विनतानं तिला दिवाणावर रंगेहाथ पकडलं. "का करते असं? हं? काहून करून राहिली?"

"आजोबा फोन पे बोले," अवू रडवेली झाली होती. "बोले, बाब पार कर ले, फिर बता."

"बाबा पार करेल म्हणजे समुद्र पार करेल! बाबा, अवू, बा-बा! नीट बोल आधी."

"बाबा नहीं. बाब. काना नहीं है."

सुखरूप बाहेर काढलेल्या माणसाला ही पोर पुन्हा पुन्हा ओढून तिथं नेऊन ठेवते, त्या एकाच जागी. अपशकुनी खेळ. विनताचा हात उठला आणि अवूच्या गालावर पडला. पाच वर्षांत पहिल्यांदा. अवू रडली नाही. तिनं टिकली मुठीत घट्ट धरली आणि दिवाणाच्या कोपऱ्यात सरकून बसली.

मामाजी बाल्कनीत पेपर वाचत होते. आवाज त्यांनी ऐकला असणार. पेपर खाली आला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी, विनता गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या व्हॅनची वाट बघत उभी होती. व्हॅन यायला अजून वीस मिनिटं होती. ती नेहमीच वीस मिनिटं आधी जायची. फोन वाजला. जया. तिचा नवरा गौतम अनुपमच्याच जहाजावर थर्ड इंजिनिअर होता. नागपूरची बाई, गेल्या वर्षी मुंबईत कंपनीच्या कार्यक्रमात भेटलेली.

"काही समजलं का गं?" जयानं एकदम विचारलं. "आज जाणार होतं ना. की उद्या?"

"काय जाणार होतं?"

"जहाज. नौदलाच्या काफिल्यासाठी थांबले होते ना चार दिवस एडनच्या अलीकडे. ह्यांना आतल्या मित्राचा मेसेज होता, की आजच निघतील. मला तर वाटून राहिलं, देवाचीच कृपा, की हे कांडल्यालाच उतरले."

"गौतमभाऊ उतरले?"

"उतरले म्हणजे काय, मी उतरवले! मला फोन करून विचारलं, सही देते का. मी म्हटलं, भाड में जाए प्रमोशन, तुम्ही उतरा. ज्यांची सही नाही त्यांना उतरायची सूट होती ना. चौघं उतरले." जया थांबली, मग आवाज मऊ करून म्हणाली, "पण तुझं कौतुकच वाटलं, खरं सांगते. ह्यांनी मला तुझी सही दाखवली होती. म्हणजे असं, की बघ, अनुपम सरांची मिसेस किती हिंमतवाली आहे, आणि तू."

व्हॅन आली. अवू उतरली. विनतानं तिचं दप्तर घेतलं, बाटली घेतली, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघितलं. हे सगळं हातांनी आपापलं केलं. जिना चढताना तिला आठवलं, की जयाचा फोन तिनं न बोलताच ठेवला होता.

मामाजी दिवाणासमोर फुटपट्टी घेऊन उभे होते, आजची जागा मोजत. ॲटलास उघडा होता. विनता सरळ आतल्या खोलीत गेली. त्यांच्या कपाटात प्रत्येक गोष्टीची फाइल असायची, वर नाव लिहिलेली, त्याच वळणदार अक्षरांत. 'अनुपम' फाइल तिसरी होती. कागद त्यात होता. चार पानं. ती उभ्यानं वाचत गेली. जहाजाचा मार्ग. धोक्याचं क्षेत्र. कर्मचाऱ्याला नकार देण्याचा हक्क. आणि शेवटच्या पानावर, तिच्या सहीच्या बरोबर वर: या प्रवासातल्या धोक्याची मला संपूर्ण माहिती देण्यात आली आहे, ती मी समजून घेतली आहे, आणि माझी हरकत नाही.

ती बाहेर आली. कागद तिनं ॲटलासवर ठेवला.

"मला सांगितलंय म्हणे," ती म्हणाली. "मीच लिहून दिलंय तसं."

मामाजींनी फुटपट्टी खाली ठेवली. कागद त्यांनी बोटानं जरा दूर सारला, जणू कुणा दुसऱ्याच्या घरचा आहे.

"अनुपमच म्हणाला," ते म्हणाले. "तू घाबरशील. तुझा स्वभाव माहीत आहे ना आम्हाला. पोरगी तापलेली. तुला कशाला आणखी..."

"जयालाही पोरगी आहे."

"नकार दिला असता, तर चीफचं प्रमोशन पाच वर्षं लांबलं असतं त्याचं. तुमच्यासाठीच करून राहिला ना तो?"

"रोज फुटपट्टीनं मोजत होते तुम्ही." तिचा आवाज चढला नाही, त्याचंच तिला नंतर नवल वाटलं. "बारा नॉट, चोवीस तास. ॲटलास उघडून. इतकं अचूक खोटं मी आयुष्यात पाहिलं नाही, मामाजी. भिंतीवर! माझ्यासाठी तुम्ही भिंतीवर उंट काढला."

म्हातारा दिवाणावर बसला. अवू दोघांच्या मध्ये, बूट न काढता उभी होती. तिनं दप्तराच्या पुढच्या कप्प्यात हात घातला आणि टिकली काढली. दोन दिवस शाळेत नेत होती ती. आता ती कशालाच चिकटत नव्हती, म्हणून अवूनं ती जिभेनं ओली केली. विनतानं तिला थांबवलं नाही, की अगं, घाण आहे, तोंडात घालू नको. अवू दिवाणावर चढली आणि टिकली काचेवरच्या त्या 'दारा'शी दाबून धरली.

"मैंने बोला था," ती म्हणाली. आईकडे न बघता.

पुढचे वीस तास कोणी जेवलं, कोणी नाही. जहाजांची जागा दाखवणारं ॲप विनतानं शंभर वेळा उघडलं. अशा ठिकाणी जहाजं आपला ठावठिकाणा बंदच करतात, हे तिला चौथ्या तासाला कळलं. अनुपमचा फोन लागत नव्हता. कोशही तिनं त्याच वेळी काढला, सासऱ्यांच्याच कपाटातला, जाड पुठ्ठ्याचा. मंदबचा हळू जाण्याशी काही संबंध नव्हता. रडण्याचं दार. मेलेल्यांसाठी केलेला आक्रोश. त्या पानात एक बसचं जुनं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मेसेज आला, मामाजींच्या फोनवर. *पार झालो. सगळे ठीक. विनताला काही बोलू नका.*

मामाजींनी तो तिला वाचून दाखवला, शेवटचं वाक्य सोडून. ते तिनं नंतर स्वतः वाचलं. मग त्यांनी कोट घातला, खाली गेले आणि खव्याच्या जलेबीचा पुडा घेऊन आले, गरम, तुपाचे डाग पडलेला. नातीला भरवली. एक तुकडा सुनेपुढे धरला.

"घे. झालं ना? काही झालं का? काही नाही झालं."

विनतानं तो तुकडा ताटलीत ठेवला. काही झालं असतं, तर तिला रडता आलं असतं, ओरडता आलं असतं, सगळं गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं असतं. काही झालं नव्हतं, त्यामुळे आता तिच्याकडे फक्त एक राग उरला होता आणि तो ठेवायला घरात कुठे जागा नव्हती. जलेबी थंड होऊन घट्ट झाली. संध्याकाळी तिनं ती मुंग्यांआधी उचलून टाकली.

अनुपम दोन महिन्यांनी घरी आला. काळा पडला होता, वजन वाढलं होतं, खूश होता. रविवारी सगळे ग्वारीघाटावर गेले, नर्मदामाईला दिवा सोडायचा होता मामाजींना. पलीकडच्या काठाला जायला नाव केली. विनतानं अवूला आणलेलं लाइफ जॅकेट घातलं, ते पाहून अनुपम हसून लोळला. मग त्यानं नाववाल्याला, नथ्थूला, आपली गोष्ट सांगितली. हवेतून काय आलं, कुठे पडलं, अर्धा मैल लांब पाणी कसं उसळलं. चांगली सांगायचा तो; नथ्थूचं वल्हं थांबलं होतं.

"और मिसेस को बताया ही नहीं!" अनुपमनं मांडीवर थाप मारली. "बता देता तो ये बोलती, पहले समंदर उबाल के लाओ, फिर जहाज डालो।"

मामाजी हसले. विनताही हसली, कारण विनोद चांगला होता. तिच्यावरचाच तर होता. नथ्थू हसला नाही. त्यानं वल्हं पुन्हा पाण्यात घातलं.

"अच्छा है भैया, आपका समंदर दूर है," तो म्हणाला. "हमारी घरवाली तो उधर घाट पे फूल बेचती है. दिन भर नाव दिखती है उसको. हम छिपाएँ तो कहाँ?"

परत येताना विनतानं वळून पाहिलं. घाटाच्या पायरीवर, झेंडूच्या टोपलीमागे, एक बाई डोळ्यांवर हात धरून नदीकडे बघत बसली होती.

रजा संपत आली, तसा नवा फॉर्म आला. प्रमोशन झालं होतं. चीफ इंजिनिअर, नवं जहाज, वाट तीच. या वेळी अनुपमनं तो स्वतः, दिवसाढवळ्या, पूर्ण उघडून विनतापुढे ठेवला. दिवाणासमोर, चहाच्या ट्रेशेजारी.

"हे बघ, चारही पानं. वाच, आरामात वाच. नंतर म्हणू नको सांगितलं नाही. आता तरी खूश?"

तिनं वाचलं. पहिल्या ओळीपासून. बाप-लेकांचा चहा पिऊन संपला, तरी तिचं तिसरंच पान चाललं होतं.

"आणि मी नाही केली सही, तर?"

"तर काय." अनुपमनं खांदे उडवले. "तर घरी बसेन. अवूला तूच सांगशील, बाबा चीफ काहून नाही झाला ते."

"म्हणजे विचारून नाही राहिला तू. फक्त सांगून राहिला."

"अरे, सांगायचं नाही तर प्रॉब्लेम, सांगितलं तर प्रॉब्लेम!"

मामाजींना असलं बोलणं सहन व्हायचं नाही. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं हाक मारली. "अवू! टिकली आण बरं. बाबाला नवीन जहाज मिळालं, नकाशावर लावायचं आहे आपल्याला."

अवू आतून पाकीट घेऊन आली. एक नवी लाल टिकली सोडवून तिनं बोटाच्या टोकावर घेतली, सवयीनं दिवाणावर चढली आणि काचेसमोर थांबली. मग मान वळवून, शाळेत बाईंना विचारावं इतक्या सरळपणे, तिनं विचारलं,

"आजोबा, सच्चीवाली जगह लगाऊँ, या आईवाली?"

मामाजींचा हात चष्म्याकडे गेला. अनुपम फोनकडे बघायला लागला.

विनतानं पेनचं टोपण लावलं. चारही पानं एकावर एक नीट जुळवली आणि सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली.

"मी रिकामी सोडलीय जागा," ती म्हणाली.

"बघितलं बाबा?" अनुपम म्हणाला. "म्हणून सांगत नव्हतो हिला."

अवू अजून वर उभी होती, बोट हवेत, टिकली बोटावर.